वैशाख बायजाबाईचा

मुलीला वसतिगृहात ठेवायला येणारे पालक आमच्या कार्यालयात सहसा दोनच गोष्टी विचारत: जेवण कसं असतं आणि सुट्टी कधी लागते. बायजाबाईने यातलं काहीच विचारलं नाही. ती म्हणाली, "हितं पोरी गानी बोलतात ना?"

ही १९९० सालच्या जूनमधली गोष्ट. रोह्याच्या आमच्या मेथॉडिस्ट मुलींच्या माध्यमिक शाळेत मी तेव्हा हेडक्लार्क होतो. आजही आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. पेणहून सकाळच्या पॅसेंजरने आलेलं हे कुटुंब माझ्या टेबलासमोर उभं होतं. गुणाजी म्हात्रे हा खाडीकाठच्या खारवाडी गावचा मिठागरात काम करणारा माणूस. त्याची दहा वर्षांची मुलगी जनी, पाचवीत घालायची होती, कारण गावची शाळा चौथीला संपत होती. आणि त्याची आई बायजाबाई, हिरवं लुगडं नेसलेली, पायाला खारट चिखलाच्या भेगा पडलेली, ताठ मानेची बाई.

"म्हणतात की," मी म्हटलं. "रोज सकाळी प्रार्थना असते. बाजाची पेटी आहे, शिकवायला बाई आहेत."

"मंग माझ्या नातीच्या गल्याचं काय व्हायचं?"

मला वाटलं, मुलीला घशाचा काही त्रास असावा. दवाखाना जवळच आहे, असं मी सांगितलं. बायजाबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग मुख्याध्यापिका उजगरेबाईंकडे वळून बसली; या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही, हे तिने ठरवून टाकलं होतं.

गुणाजी ओशाळून म्हणाला, "आई धवलारीन हाय. तिच्या मागं हीच. म्हनून बोलते."

मी घाटावरचा माणूस. धवलारीण म्हणजे काय, हे मला उजगरेबाईंनी नंतर समजावलं. आगरी लोकांच्या लग्नात भटजी येतो तो शेवटी मंगलाष्टकं म्हणायला. त्याच्या आधीचे घरातले सगळे विधी, तांदूळ कांडण्यापासून हळदीपर्यंत, धवलारणीच्या गाण्यावर चालतात. त्या गाण्याला धवला म्हणतात. धवला कुठे लिहिलेला नसतो. एक बाई दुसरीला शिकवते, तेही लग्नाच्या मांडवातच, कारण मांडव नसताना धवला मोठ्याने म्हणायचा नसतो. आणि लग्नघरात धवला कधी संपत नाही. पहिल्याचा शेवटचा शब्द उचलून दुसरा सुरू करायचा, दुसऱ्याचा उचलून तिसरा. मुलगी सासरी जाईपर्यंत ही साखळी तुटू द्यायची नसते.

बायजाबाईला भीती होती ती याची. नातीच्या गळ्यात एकदा पेटीचे सूर बसले की धवला बसायला जागा उरणार नाही.

उजगरेबाईंनी तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. बाईंचा जन्म नगरकडचा, शिक्षण पुण्याचं, पण वीस वर्षं रोह्यात काढल्यामुळे त्यांना इथल्या माणसांची घाई कळायची आणि त्यांचा हट्टही. त्या म्हणाल्या, "आजी, गळा तिचा आहे. आम्ही तो काढून घेत नाही. तुम्हाला ती कधी हवी?"

"लग्नसराईत."

"ते जमायचं नाही. शाळा बुडेल. मे महिन्याची सुट्टी पूर्ण तुमची."

बायजाबाईने मनाशी काहीतरी जुळवलं. "म्हंजे वैशाख," ती म्हणाली. "ठीक. वैशाख माझा, बाकीचं तुमचं."

मुलीला कोणीच विचारलं नाही. ती भिंतीवरच्या जुन्या फोटोकडे बघत होती.

तो फोटो आमच्या शाळेत येणारी प्रत्येक मुलगी बघते. मध्ये मोठी टोपी घातलेली अमेरिकन मॅडम आणि भोवती परकर-पोलक्यातल्या मुली, कुणाच्याही चेहऱ्यावर हसू नाही. प्लेगच्या साथीत आईबाप गेलेल्या मुलींसाठी मॅडमने आधी एक शिवणवर्ग काढला. शिवणाला मापं लागतात म्हणून आकडे आले, आकड्यांमागून अक्षरं आली. पुढे चार इयत्ता झाल्या, मग सात, आणि स्वातंत्र्यानंतर दहा-बारा वर्षांनी माध्यमिक शाळेची मान्यता मिळाली. मॅडमच्या बंगल्यात आता वसतिगृह आहे. बंगल्याची कौलं तीच, मुली मात्र बदलल्या. अनाथ कोणी नाही. कुंडलिकेच्या दोन्ही अंगांच्या खेड्यांतल्या, नागोठणे, निडी, पेण तालुक्याचा खारपट्टा इथल्या, भात आणि वाल पिकवणाऱ्या, मीठ काढणाऱ्या घरांतल्या मुली. नव्वद टक्के हिंदू. शाळेने कुणाला धर्म बदलायला लावला, असं माझ्या नोकरीत एकदाही घडलेलं नाही.

पण मॅडमने घालून दिलेली एक पद्धत शाळेने सोडली नाही. प्रार्थनेचा शेवट बाईंनी करायचा नाही, मुलीने करायचा. ठरलेली मुलगी पुढे येते, शेवटचं मागणं तिच्या शब्दांत मागते, "आमेन" म्हणते आणि सगळं सभागृह तिच्यामागून "आमेन" म्हणतं. रोज सकाळी, रोज जेवणाआधी, रोज झोपताना. सहा वर्षं राहिलेल्या मुलीच्या तोंडात हा शब्द श्वासासारखा बसतो. मुली तो कुठेही वापरत. वीज गेली की ओरडा, आली की आमेन. रविवारी मटण आहे असं रेक्टरबाईंनी सांगितलं की आमेन. एकदा गणिताच्या सरांनी उद्या रजेवर असल्याचं जाहीर केलं, तेव्हा अख्ख्या नववीने हात जोडून आमेन म्हटलं आणि सरांनी रजा रद्द केली.

जनी पहिल्या वर्षी फार बोलली नाही. रडलीही नाही. तिच्याच गावची दिशा तेव्हा आठवीत होती, तिच्या अंथरुणाशेजारी जनीची वळकटी असे. दुसरी मैत्रीण जोह्याची भाविका. तिच्या वडिलांचा गणपतींचा कारखाना, त्यामुळे श्रावण लागला की भाविकाचं पोट दुखायला लागायचं आणि ते थेट गणपती उठल्यावर थांबायचं. परत आली की नखांत रंग असायचा. रेक्टरबाई विचारायच्या, "पोट कुठल्या रंगाने दुखत होतं या वर्षी?"

जनीची चोरी वेगळी होती. ती घरून जवळा आणायची, सुकवलेली बारीक कोळंबी, फडक्यात बांधून. वालाची उसळ समोर आली की ताटाच्या कडेला चिमूटभर जवळा पडायचा आणि त्या बाकावरच्या सगळ्या मुलींची उसळ झटक्यात संपायची. रेक्टरबाईंना वासावरून कळत असे, पण त्या स्वतः मुरुडच्या.

गाण्याच्या बाबतीत बायजाबाईची भीती अर्धी खरी ठरली. पेटीच्या बाईंनी महिनाभरातच जनीला पहिल्या ओळीत उभं केलं. तिचा आवाज गोड नव्हता. उघड्यावर, वाऱ्यात, लांबवर पोचायचा असतो तसा आवाज होता, आणि तिला श्वास घ्यायला थांबावं लागत नसे, किंवा ती कुठे थांबते ते कळत नसे. आठवीत आल्यावर प्रार्थनेचा शेवट बहुतेक तिच्याकडेच येऊ लागला.

धवला मात्र ती शाळेत कधी म्हणाली नाही. माझ्या कार्यालयाच्या खिडकीमागे कपडे धुण्याचा दगड होता. तिथे ती ओठ मिटून काहीतरी घोळवत असे. कपडा आपटायचा, पिळायचा आणि हनुवटी हलत राहायची. मी एकदा विचारलं, "काय गं, पाठांतर का?"

"नाय भाऊसायेब. मांडव नाय ना हितं," ती म्हणाली.

मे महिन्यात ती घरी जायची आणि जूनमध्ये काळी, वाळलेली, आवाज बसलेली परत यायची. आजीच्या मागून या गावचं लग्न, त्या गावचं लग्न. पेटीच्या बाई कपाळाला हात लावायच्या. "हिचा सूर ऑगस्टपर्यंत जागेवर यायचा नाही."

उजगरेबाई म्हणायच्या, "वैशाख त्यांचा ठरलाय."

१९९५ च्या एप्रिलमध्ये नववीचा निकाल लागला. जनी चांगल्या गुणांनी पास झाली. पुढचं वर्ष दहावीचं. पण निकाल घ्यायला आलेला गुणाजी शाळा सोडल्याचा दाखला मागू लागला.

"आई थकली," तो म्हणाला. "तिचा दम पुरत नाय आता. अर्धा धवला झाला का खोकते. तुलशीचं लगीन झालं का हंगाम सुरू व्हतो, आनी पोर हितं बसते. गावात लोक बोलतात."

"काय बोलतात?" उजगरेबाईंनी विचारलं.

तो टेबलाच्या कडेवर अंगठा घासत राहिला. "बोलतात, पाच वरसं किरिस्तावांची गानी बोलली, तिला आता आपला धवला काय यायचा? बायजाबाईच्या मागं दुसऱ्या पाड्याची बाई बगा. बाई, आमच्या घरात चार पिढ्या हाय हे."

"आणि आजी काय म्हणतात?"

"आई बोलते, दिशाच्या हलदीचा धवला जनी बोलंल. एकली. सगला बोलली, कुठं तुटला नाय, तर तिला वैशाखात शिकलेलंच पुरतंय. मंग जाऊदे शालंत. तुटला तर रावंल घरी."

दिशा म्हणजे आमचीच विद्यार्थिनी, दोन वर्षांपूर्वी दहावी झालेली. तिचं लग्न निडीकडच्या आदेश नावाच्या मुलाशी ठरलं होतं; तो नागोठण्याला कंपनीत शिफ्टवर होता. दिशाची आई हौसा स्वतः शाळेत येऊन सगळ्यांना आमंत्रण देऊन गेली होती. दाखला त्या दिवशी द्यायचा नाही, लग्नानंतर बघू, असं ठरलं. जनी बाहेर व्हरांड्यात ट्रंकेवर बसली होती. तिने आतलं सगळं ऐकलं होतं. जाताना उजगरेबाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, "बाई, माझं दहावीचं भूगोलाचं पुस्तक कोनाला देऊ नका."

आम्ही लग्नाला गेलो ते हळदीच्या दिवशीच. उजगरेबाई, मी, भाविका आणि वसतिगृहातल्या दिशाच्या ओळखीच्या आणखी काही मुली. पेणच्या डेपोतून गाडी मिळाली. खारवाडीला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बांधाच्या पलीकडे मिठाच्या पांढऱ्या राशी, त्यावर नजर ठरत नव्हती. मिठागरातून सुटलेली माणसं तशीच मांडवात आली होती, पिंढऱ्यांपर्यंत मीठ वाळलेली.

मांडवात एका बाजूला बेंजो पार्टी वाद्यं लावत होती. दुसऱ्या बाजूला बायका दाटीने बसलेल्या. मधल्या चौकात पाटावर दिशा. तिच्या उजव्या हाताला बायजाबाई आणि तिच्याही पुढे, थोडी सरकून, जनी. पाच वर्षांत प्रथमच मी तिला लुगड्यात पाहिलं. भाविका आणि आमच्या मुली बायकांच्या मागे जाऊन बसल्या. उजगरेबाईंना खुर्ची दिली होती, ती त्यांनी माझ्याकडे सरकवली आणि मुलींजवळ चटईवर बसल्या.

नवरदेवाकडून उष्टी हळद घेऊन मंडळी आली. नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीला लावायची, तिला उष्टी हळद म्हणतात. ती घेऊन आलेल्यांत नवऱ्याचा मामा पुंडलिक होता. पांढरी टोपी, खिशात पेन, आणि आल्याआल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज.

"धवलारीन कोन? ही पोर?" त्याने विचारलं. "आनी म्हातारी काय बगायला बसली?"

"म्हातारी तुला बगायला बसली," बायजाबाई म्हणाली. "बस खाली, सावली पडते नवरीवर."

बायका हसल्या. पुंडलिक बसला.

मग जनीने सुरुवात केली.

मला गाण्यातलं कळत नाही, तेव्हा जे दिसलं ते सांगतो. पहिल्या ओळीला बेंजोवाले आपसांत बोलत होते. चौथ्या-पाचव्या ओळीला गप्प झाले. जनी धरतरीला बोलावत होती, समुद्राला, चांदसूर्याला, गावदेवीला, बांधावरच्या देवाला. प्रत्येकाला मांडवात यायचं आमंत्रण, प्रत्येकाला बसायला पाट. प्रत्येक ओळीचं शेपूट बायका उचलत आणि त्यांचं संपायच्या आत तिची पुढची ओळ सुरू होई. चाल एकच, पुन्हा पुन्हा तीच, भरतीचं पाणी बांधाला लागतं तशी. शाळेतली जनी पेटीबरोबर गायची तेव्हा सुरावर लक्ष देऊन उभी असायची. इथे ती तशी नव्हती. गुणाजी मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. त्याचे ओठ हलत होते. त्यालाही सगळा धवला येत होता, फक्त तो पुरुषाने म्हणायचा नसतो.

बायजाबाई डोळे मिटून ऐकत होती. मध्ये एकदा तिला खोकला आला, तो तिने पदरात दाबला. जनी थांबली नाही.

शेवटी दिशासाठी मागणं आलं. घरात भात असू दे, पेजेला मीठ असू दे, मांडीवर लेकरू असू दे, नवरा शिफ्टवरून नीट घरी येऊ दे. शिफ्टची ओळ जनीची असणार, कारण बायकांमध्ये खसखस पिकली आणि आदेशच्या बहिणीने दिशाला कोपर मारलं. मग शेवटची ओळ. ती लांब चालली आणि शांत झाली. कुठे तुटलं नव्हतं, कुठे अडखळलं नव्हतं. जनीच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तिने डोळे मिटले. हात जोडले. आणि म्हणाली, "आमेन."

मागून भाविका आणि आमच्या सगळ्या मुली एका आवाजात म्हणाल्या, "आमेन." उजगरेबाईंचाही आवाज त्यात होता. पाटावरची दिशाही म्हणाली. सहा वर्षं तिनेही तेच केलं होतं.

मांडवात कोणी हललं नाही. जनीने डोळे उघडले आणि तिला कळलं.

"हे काय?" पुंडलिक उठून उभा राहिला. "हे काय बोलली ती? लगीन हाय का चर्च हाय? आता काय पाव वाटनार काय?"

 हौसाने डोक्याला हात लावला. "गो जने," ती म्हणाली, "माझ्या पोरीच्या हलदीत काय केलंस गो हे."

 तिने आजीकडे पाहिलं नाही, बापाकडेही नाही. तिने पाहिलं ते उजगरेबाईंकडे, आणि मला वाटतं, तेवढ्यानेच पुंडलिकचा आवाज आणखी चढला.

"बगा, बगा कोनाकडं बगते. मी आदीच बोललो व्हतो आमच्या लोकांना. पयल्यापासून करा. म्हातारीनं करा. हा धवला धरायचा नाय."

सगळ्यांच्या नजरा बायजाबाईकडे वळल्या. तिच्याने पूर्ण धवला होणार नाही, हे गावाला माहीत होतं. तरी ती उठली, पाटाजवळ सरकली, आणि पुंडलिकला काही न बोलता नातीला विचारलं, "हा शबुद काय गो?"

"शालंतला हाय," जनी पुटपुटली. "प्रार्थना झाली का बोलतो."

"कशाला बोलता?"

"आपन मागितलं ना, तसंच होवो. म्हनून."

बायजाबाईने मान हलवली. मग पुंडलिककडे वळली. "मामा, तुमच्या सुनंसाठी भात मागितला, मीठ मागितलं, पोर मागितलं. पोर बोलली, तसंच होवो. तुमाला काय, तसं नको व्हायला पायजे?"

"तसं नाय..."

"मंग बसा."

बायकांच्या अंगातला ताण थोडा सैलावला. उजगरेबाई उठून काहीतरी बोलणार होत्या, बहुधा माफीचं; बायजाबाईने त्यांना हातानेच थांबवलं. कारण तिचं स्वतःचं म्हणणं अजून व्हायचं होतं, आणि ते पुंडलिकच्या म्हणण्यापेक्षा कडक होतं.

"शबुद कोनाचा, त्याचं मना काय नाय," ती जनीला म्हणाली. "पन तू धवल्याला झाकन लावलंस. शालंत लावत असतील, तितं घंटी होते, पोरी उठून जातात. लग्नात झाकन लावत नाय गो. पोरीचा संसार आता सुरू व्हायचाय आनी तू हात जोडून बसलीस, झालं म्हनून."

जनीने जोडलेले हात सोडले.

"नवा धवला नाय व्हायचा," बायजाबाई म्हणाली, आता सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "मांडवात पडलेला शबुद टाकायचा नसतो. उचलायचा असतो. शेवटचा शबुद काय पडला?"

 भाविका, नखांत बारमाही रंग असलेली ती मुलगी, मागून हळूच म्हणाली, "आमेन."

"व्हय. तोच. आता फुडचा धवला त्याच्यावर धर, जने."

"आजी, त्याच्यावर धवला नाय ना."

"मंग व्हईल."

आता सांगतो, मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. पाच वर्षं ती मुलगी जे शिकली होती ते सगळं तिने नुकतंच बिनचूक म्हटलं होतं. आता न शिकलेलं तिच्याकडे मागितलं जात होतं, नवऱ्याकडच्या माणसांसमोर, आणि ते जमलं नाही तर शाळा गेलीच, चार पिढ्यांचं गाणंही गेलं. गुणाजीने खांब सोडला होता.

पुढचा धवला हळद लावणाऱ्यांना नावाने बोलावण्याचा असतो. आई, मावशी, आत्या, जिचं नाव येईल तिने उठून हळद लावायची. जनीने लुगड्याच्या पदराने तोंड पुसलं. उजगरेबाईंकडे या वेळी तिने पाहिलं नाही. तिने दिशाकडे पाहिलं, आणि त्याच चालीवर, आवाज आधी कापरा, मग हळूहळू रुंद होत, सुरू केलं:

आमेन बोलल्या गो शालंच्या बयनी,
बयनी दुरून आल्या हलदीला...

बायका ओळ उचलायला तयार नव्हत्या. एक क्षण जनीचा आवाज एकटाच राहिला. मग हौसा, दिशाची आई, जिने कपाळाला हात लावला होता, तिने शेपूट उचललं, "आल्या हलदीला". मग सगळ्यांनी.

जनीने आईचं नाव घेतलं, हौसा उठली. मावश्यांची नावं घेतली. मग भाविकाचं घेतलं: जोह्याची भाविका, हाताला रंग, आता लागूदे हलद. भाविका लाजत पुढे आली. आमच्या एकेका मुलीचं नाव आलं. उजगरेबाईंचं आलं, रोह्याच्या बाई म्हणून. त्या उठल्या, वाटीत बोटं बुडवली आणि दिशाच्या गालाला हळद लावली.  आणि मग, पुरुषांची नावं या धवल्यात येत नाहीत तरी, जनीने घेतलं: निडीचा मामा आलाय रागानं, मामाला बसाया द्या पाट. बायकांनी ती ओळ इतक्या जोरात उचलली की बेंजोवाल्याने न राहवून एक ठोका दिला. पुंडलिक आधी इकडेतिकडे बघत राहिला, मग टोपी काढून डोकं खाजवू लागला. कोणीतरी खरोखरच त्याला पाट आणून दिला. तो बसला.

शेवटची ओळ झाली तेव्हा जनीने हात जोडले नाहीत. ओळ तशीच उघडी ठेवून ती आजीकडे वळली, आणि बायजाबाईने आपल्या फाटक्या, धापा टाकणाऱ्या आवाजात तिचा शेवटचा शब्द उचलला. दोनच ओळी म्हणाली. पुढे पुन्हा जनी.

 परतीच्या गाडीत उजगरेबाई म्हणाल्या, "मी पंचवीस वर्षं आमेन म्हणते आहे. त्याच्यापुढे काही असतं का, असं मला कोणी विचारलं नव्हतं."

जूनमध्ये गुणाजी जनीला घेऊन आला. दाखल्याचा विषय त्याने काढला नाही. बायजाबाई बरोबर नव्हती, तिला प्रवास झेपत नव्हता. निरोप मात्र होता, गुणाजीने तो जसाच्या तसा सांगितला: "आई बोलली, ठरल्यापरमानं. वैशाख तिचा."

भूगोलाचं पुस्तक मी कपाटात ठेवलं होतं, ते दिलं.

त्या वर्षी एक बारीकसा फरक झाला. जनी प्रार्थनेचा शेवट करायची तेव्हा "आमेन" झाल्यावर लगेच मागे फिरत नसे. क्षणभर तशीच उभी राहायची, कुणी पुढचं उचलतंय का बघावं तशी. सभागृहही थांबायचं. पेटीच्या बाईंना ते खटकायचं. उजगरेबाईंनी काही म्हटलं नाही, आणि घंटा वाजवणाऱ्या शिपायाला एकदा हलकेच सांगितलं की मुलगी हलल्याशिवाय घंटा द्यायची नाही.

डिसेंबरात पालकांचा दिवस होता. बायजाबाई आली, गुणाजीने तिला जवळजवळ उचलूनच आणली होती. ती सभागृहात शेवटच्या बाकावर बसली. प्रार्थना झाली, नातीने मागणं मागितलं, शे-दीडशे मुली "आमेन" म्हणाल्या. त्या शांततेत म्हातारीने शेजारच्या बाईला विचारलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "मंग? फुडं?"

मुली इतक्या हसल्या की दोनदा घंटा द्यावी लागली.

जनी दहावी झाली, पेणला बारावी केली, मग डी.एड. आता कासूच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बायजाबाई दोन वर्षांपूर्वी, माघात गेली. त्या वैशाखात खारवाडीच्या आणि आसपासच्या सगळ्या लग्नांना जनी एकटी उभी राहिली. दुसऱ्या पाड्याच्या बाईचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

मागच्या महिन्यात ती काही कागदांवर सही घ्यायला आली होती. मी विचारलं, आता धवल्यात कधी चुकून आमेन येतं का?

"माझ्या तोंडून नाय येत, भाऊसायेब," ती म्हणाली. "पन हलदीला बायका सोडत नाय. बोलतात, दिशाच्या लग्नातला धर. मंग तो धरायचा म्हंजे आदी ते बोलायला लागतं ना, नायतर उचलू काय?"

"मग कोण म्हणतं?"

"सगल्या बायका. एकदम. हौसामावशी तर हात जोडून."

एवढं सांगून ती उठली. भाविकाचं लग्न जोह्याला होतं, शेवटची पेणची गाडी चुकवून चालणार नव्हतं. वैशाख सुरू झाला होता.